अदृश्याचे मोजमाप

निसर्गाने माणसाला पाच ज्ञानेंद्रिये दिली आणि त्यांच्या आधारावर त्याने हजारो वर्षे आपला संसार चालविला. विस्तवाचा चटका त्वचेला कळतो, विजेचा लखलखाट डोळ्यांना दिसतो, नासलेल्या अन्नाची दुर्गंधी नाकाला येते, कडू विषाची वार्ता जीभ देते. देहाच्या दारावर कोणी ना कोणी पहारेकरी उभाच असतो. परंतु सृष्टीत एक शक्ती अशी आहे की तिच्या वाटेवर देहाने एकही पहारेकरी नेमलेला नाही. तिला रूप नाही, रस नाही, गंध नाही, स्पर्श नाही, शब्दही नाही. प्राणघातक प्रमाणात ती अंगातून गेली तरी सहसा त्या क्षणी काहीच जाणवत नाही; परिणाम दिसतात ते काही दिवसांनी, कधीकधी कित्येक वर्षांनी. या शक्तीचे नाव किरणोत्सर्ग. पृथ्वी जन्माला आली तेव्हापासून ती खडकांत, मातीत आणि समुद्राच्या पाण्यात वास करीत आहे. तरीही १८९६ सालापर्यंत माणसाला तिची गंधवार्ताही नव्हती.

ज्या वस्तूसाठी इंद्रिय नाही, तिची ओळख करून घेण्याचा मार्ग एकच उरतो, आणि तो म्हणजे मापनाचा. म्हणून किरणोत्सर्गाचा इतिहास हा मुख्यतः मोजमापाचा इतिहास आहे. जेथे माणसाने चिकाटीने मोजले, तेथे त्याच्या हाती अणूच्या अंतरंगाची आणि पृथ्वीच्या वयाची गुपिते आली. जेथे मोजण्याची टाळाटाळ झाली, किंवा मोजणाऱ्याने आपले ज्ञान दुसऱ्याला दिले नाही, तेथे माणसे प्राणाला मुकली. या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासात शेजारीशेजारी घडलेल्या आहेत.

या इतिहासाचा आरंभ पॅरिसमधील एका टेबलाच्या खणात झाला. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत रंटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले आणि जिवंत माणसाच्या हाताची हाडे छायाचित्रात पाहून सारे जग थक्क झाले. हे किरण ज्या नळीतून निघत, त्या नळीच्या काचेवर एक मंद चमक दिसे. तेव्हा जे पदार्थ ऊन खाऊन स्वतः चमकू लागतात, त्यांतूनही असे किरण निघत असतील काय, अशी शंका हेन्री बेकरेल यांच्या मनात आली. बेकरेल यांच्या घराण्यात पदार्थविज्ञानाची परंपरा होती. आजोबा आणि वडील दोघेही नामवंत शास्त्रज्ञ होते, आणि युरेनियमच्या चमकणाऱ्या क्षारांचा अभ्यास वडिलांनीच केलेला होता. बेकरेल यांनी छायाचित्राची काच काळ्या कागदात नीट गुंडाळली, तिच्यावर युरेनियमच्या क्षाराचे खडे ठेवले आणि ती उन्हात मांडली. काच धुतल्यावर खड्यांची काळी छाया तिच्यावर उमटलेली दिसली. आपली कल्पना खरी ठरली असे त्यांना वाटले आणि २४ फेब्रुवारी १८९६ रोजी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीला तसे कळविलेही.

परंतु त्याच आठवड्यात पॅरिसवर ढग आले. २६ आणि २७ फेब्रुवारीला सूर्यदर्शन जेमतेमच झाले. प्रयोगासाठी सिद्ध केलेल्या काचा बेकरेल यांनी क्षारासकट खणात ठेवून दिल्या. १ मार्च रोजी त्यांनी त्या काचा बाहेर काढून धुतल्या. ऊन मिळालेले नसल्यामुळे फार तर फिकट ठसे दिसतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ठसे पहिल्याइतकेच गडद निघाले. म्हणजे उन्हाचा या प्रकाराशी काहीच संबंध नव्हता. पुढे त्यांनी न चमकणारे युरेनियमचे क्षार घेतले, शुद्ध युरेनियम धातू घेतला; त्यांतूनही किरण निघतच राहिले. अंधाऱ्या खणात, बाहेरून कसलीही शक्ती न घेता, एक जड पदार्थ अखंड ऊर्जा बाहेर टाकीत होता. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हा त्या शतकाच्या पदार्थविज्ञानाचा मूलमंत्र. आणि हा दगड तर त्यालाच आव्हान देत होता.

एवढे असूनही जवळजवळ दोन वर्षे या शोधाकडे फारसे कोणी फिरकले नाही. क्ष-किरणांच्या झगमगाटापुढे तो फिका पडला. त्याला आणखी एक कारण होते. छायाचित्राची काच ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच ठसठशीतपणे सांगू शकते. ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर ती नीट देत नाही. तो ‘किती’ मेरी क्यूरी यांनी विचारला. पोलंडमधील वॉर्सा शहरात १८६७ मध्ये जन्मलेल्या आणि शिक्षणासाठी पॅरिसला आलेल्या या विदुषीने १८९७ च्या अखेरीस डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी हाच विषय निवडला. युरेनियमच्या किरणांमुळे हवेतून विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह वाहू लागतो, हे बेकरेल यांना आढळलेले होते. तो प्रवाह अचूक मोजणारे उपकरण घरातच होते. पती पिएर क्यूरी आणि त्यांचे बंधू झाक यांनी १८८० मध्ये असे दाखविले होते की, क्वार्ट्झच्या स्फटिकावर ताण दिला असता त्यावर वीज उत्पन्न होते. या स्फटिकाला टांगलेल्या पारड्यात वजने टाकून त्याची वीज आणि किरणांमुळे वाहणारी वीज यांचा समतोल साधावयाचा, आणि त्यास किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहावयाचे; अशी ती युक्ती होती. सोनाराच्या काट्यासारखा हा अदृश्याचा काटाच होय.

या काट्यावर मेरी क्यूरी यांनी एकामागून एक पदार्थ तोलले. युरेनियम कोरडे असो वा ओले, भुकटी असो वा द्रावण, एका क्षारात असो वा दुसऱ्या, किरणांची तीव्रता पदार्थातील युरेनियमच्या वजनावरच अवलंबून राही. यातून एक दूरगामी अनुमान निघत होते. रासायनिक संयोगाने ज्या गुणात काडीचाही फरक पडत नाही, तो गुण अणूंच्या जोडणीचा नसून स्वतः अणूचाच असला पाहिजे. मग दुसरा प्रश्न उभा राहिला. पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजाची तीव्रता शुद्ध युरेनियमच्या सुमारे चौपट भरली. चाल्कोलाइट या दुसऱ्या खनिजाची दुप्पट भरली. परंतु तेच चाल्कोलाइट प्रयोगशाळेत शुद्ध द्रव्यांपासून तयार केले, तेव्हा त्यात अधिक असे काहीच आढळले नाही. याचा अर्थ खाणीतून आलेल्या दगडात कोणी अज्ञात भागीदार दडलेला होता. जुलै १८९८ मध्ये पिएर आणि मेरी क्यूरी यांनी पोलोनियम या नव्या मूलद्रव्याची घोषणा केली, डिसेंबरमध्ये रेडियमची. तराजूत दिसण्याइतके रेडियम कोणाच्याही हाती आलेले नसताना केवळ विजेच्या काट्यावरून त्याचे अस्तित्व ओळखले गेले होते. रसायनशास्त्रज्ञांना एवढ्याने समाधान वाटेना. म्हणून गळक्या छपराच्या एका शेडमध्ये मेरी क्यूरी यांनी बोहेमियातील खाणीचा टनावारी गाळ उकळला, ढवळला, गाळला. आणि १९०२ मध्ये त्यातून एक ग्रॅमचा दहावा भाग एवढे शुद्ध रेडियम क्लोराइड वेगळे केले. पुढच्याच वर्षी बेकरेल आणि क्यूरी दांपत्य यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

किरण निघतात हे कळले. पण ते निघतात का, हे कोडे अद्याप सुटले नव्हते. त्याचा उलगडा अटलांटिकच्या पलीकडे, कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी झाला. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले अर्नेस्ट रदरफर्ड १८९८ मध्ये तेथील मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. हे किरण एका जातीचे नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले होते. साध्या कागदाने अडतात त्यांना त्यांनी अल्फा म्हटले. ॲल्युमिनियमचा काही मिलिमीटर जाडीचा पत्रा ज्यांना लागतो ते बीटा. शिशाच्या जाड भिंतीलाही सहजी दाद न देणारे गॅमा किरण १९०० मध्ये फ्रान्समध्ये विलार यांना आढळले. अल्फा म्हणजे हेलियमच्या अणूचा गाभा, बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन आणि गॅमा हे प्रकाशाच्याच कुळातले, परंतु फार प्रखर किरण, हा खुलासा क्रमाक्रमाने होत गेला.

मॉन्ट्रियल येथे रदरफर्ड यांना फ्रेडरिक सॉडी या तरुण रसायनशास्त्रज्ञाची जोड मिळाली. दोघांनी थोरियमचा अभ्यास हाती घेतला. थोरियमच्या द्रावणातून त्यांनी एक अत्यल्प पण अतितीव्र अंश वेगळा काढला आणि त्याला ‘थोरियम एक्स’ असे तात्पुरते नाव दिले. मूळ थोरियमची तीव्रता त्यामुळे बरीच कमी झाली. इतक्यात १९०१ ची नाताळची सुटी आली. सुटी संपवून परत येऊन पाहतात तो सारा मामला उलटलेला. थोरियम एक्सची शक्ती लोपून गेली होती आणि दुर्बळ झालेल्या थोरियमने आपली पूर्वीची तीव्रता परत मिळविली होती. मग त्यांनी दिवसांमागून दिवस दोन्हींची मापे घेतली. थोरियम एक्सची शक्ती सुमारे चार दिवसांत निम्मी होई. आणि नेमक्या तेवढ्याच दिवसांत थोरियम आपली गमावलेली शक्ती निम्मी भरून काढी. एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा. जमाखर्चाची दोन्ही पाने तंतोतंत जुळत होती.

या जमाखर्चाचा अर्थ एकच होऊ शकत होता. थोरियम सतत थोरियम एक्स निर्माण करीत होते, म्हणजेच एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्या मूलद्रव्यात बदलत होते. मूलद्रव्य अविकारी असते, या समजुतीवर शतकभराचे रसायनशास्त्र उभे होते. लोखंडाचे सोने करू पाहणाऱ्या किमयागारांची टर उडविण्यातच त्या शास्त्राचे बालपण गेलेले होते. तीच किमया आता प्रयोगशाळेच्या टेबलावर, कोणी मंत्र न म्हणता, चालू असल्याचे दिसले. १९०२ आणि १९०३ मधील निबंधांतून रदरफर्ड आणि सॉडी यांनी आपला सिद्धान्त मांडला: किरणोत्सर्ग म्हणजे फुटणाऱ्या अणूने बाहेर टाकलेली सामग्री, आणि मागे उरतो तो निराळ्याच मूलद्रव्याचा अणू.

अणू फुटण्याचा नियमही या मापांतूनच मिळाला, आणि तो विलक्षण साधा आहे. सोळा हजार अणू घेतले आणि चार दिवसांनी त्यांतले आठ हजार उरले, तर आणखी चार दिवसांनी शून्य उरत नाहीत. चार हजार उरतात. पुढच्या चार दिवसांनी दोन हजार, मग एक हजार. जितके असतील त्यांच्या निम्मे, हाच क्रम. या कालावधीला अर्धायुष्य म्हणतात. प्रत्येक किरणोत्सारी अणुजातीचे अर्धायुष्य ठरलेले असते आणि त्यांत केवढी तफावत! नेहमी आढळणाऱ्या युरेनियमचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, रेडियमचे सुमारे १,६०० वर्षे, रेडियमपासून निघणाऱ्या रेडॉन वायूचे सुमारे ३.८ दिवस, आणि त्याच वंशात पुढे जन्मणाऱ्या पोलोनियमच्या एका प्रकाराचे तर सेकंदाच्या काही हजाराव्या भागाहूनही कमी. युरेनियमचा हा वंश आठ अल्फा आणि सहा बीटा कणांचे उत्सर्जन करीत पिढ्यामागून पिढ्या उतरत जातो आणि शेवटी शिशापाशी येऊन विसावतो.

या नियमात एक गूढ आहे. विमा कंपनीला अमुक एक गृहस्थ केव्हा मरणार हे माहीत नसते. परंतु लाख गृहस्थांपैकी वर्षाकाठी किती मरतील हे ती बऱ्याच अचूकपणे सांगते. अणूंचेही तसेच आहे. एक ग्रॅम रेडियममध्ये दर सेकंदास सुमारे ३,७०० कोटी अणू फुटतात, हे खात्रीने सांगता येते. त्यांतला कोणता अणू या क्षणी फुटेल, हे मात्र कोणीही सांगू शकत नाही. तथापि दोहोंत एक मोठा भेद आहे. माणूस म्हातारा होतो आणि वयाबरोबर त्याच्या मरणाचा संभव वाढतो. अणूला म्हातारपण नाही. शंभर कोटी वर्षे टिकून राहिलेला युरेनियमचा अणू आणि आजच हाती आलेला अणू, दोघांचाही उद्या फुटण्याचा संभव सारखाच. १९०५ मध्ये श्वाइडलर यांनी हा नियम केवळ संभाव्यतेचा असल्याचे मांडले. १९१० मध्ये रदरफर्ड आणि गायगर यांनी अल्फा कणांच्या आघाताने पडद्यावर उमटणारे दहा हजारांवर ठिपके मोजवून त्याचा पडताळा दाखविला. अंधाऱ्या खोलीत बसून एकेक ठिपका मोजण्याच्या या कंटाळवाण्या कामातून निसर्गाच्या मुळाशी यदृच्छेला स्थान आहे, हे सत्य हाती आले. १९२८ मध्ये नव्या पुंज-यामिकीने त्याची मीमांसाही केली.

हा नियम कशालाच भीक घालीत नाही, हे त्याचे दुसरे वैशिष्ट्य. रेडियम भट्टीत तापवा, द्रवरूप हवेत गोठवा, आम्लात विरघळवा, प्रचंड दाबाखाली ठेवा; त्याचे अर्धायुष्य जसेच्या तसे राहते. या हट्टीपणामुळेच ते उत्तम घड्याळ ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड केल्व्हिन यांनी पृथ्वी तप्त गोळ्यापासून निवत आली असे धरून तिचे वय दोन ते चार कोटी वर्षे ठरविले होते. खडकांचे थर वाचणाऱ्या भूवैज्ञानिकांना आणि जीवांच्या उत्क्रांतीचा विचार करणाऱ्यांना एवढा काळ फारच तोकडा वाटे. पण केल्व्हिन यांच्या गणिताला उत्तर नव्हते. १९०३ मध्ये पिएर क्यूरी आणि लाबोर्ड यांना रेडियम सतत उष्णता देत असल्याचे आढळले. आपल्याच वजनाचा बर्फ ते तासाभरात वितळवू शकेल एवढी! पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा असा साठा असल्याचे केल्व्हिन यांच्या हिशेबात धरलेलेच नव्हते. युरेनियम आणि त्यापासून झालेले शिसे यांचे प्रमाण मोजून बोल्टवुड यांनी १९०७ मध्ये काही खनिजांची वये चाळीस कोटींपासून दोनशे कोटी वर्षांपलीकडे जात असल्याचे दाखविले. ती मापे ओबडधोबड होती. परंतु दिशा बरोबर होती. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधील शिशाच्या अभ्यासावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले, आणि ते आजही मान्य आहे.

अलीकडच्या काळासाठी कार्बनचे घड्याळ उपयोगी पडते. सजीवांच्या शरीरात किरणोत्सारी कार्बनचा अत्यल्प अंश असतो. मृत्यूनंतर त्याची भरती थांबते आणि ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. अमेरिकेत विलार्ड लिबी यांनी १९४९ मध्ये सिद्ध केलेली ही पद्धत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात राबविली जाऊ लागली, आणि सिंधू संस्कृतीच्या कालखंडाची चर्चा तर्कावरून मापनावर आली. नेवासे आणि इनामगाव येथील शेतकऱ्यांच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जातात, हे आज निःशंकपणे म्हणता येते ते अशाच जळक्या लाकडांच्या आणि धान्याच्या कणांच्या साक्षीवरून.

मोजमापाने जे दिले त्याची ही कथा. मोजमाप न झाल्याने जे गेले त्याची कथा याच काळात, पण निराळ्या जागी घडत होती.

रेडियम अंधारात चमकते, ते उष्णता देते, कर्करोगाची गाठ जाळते. तेव्हा ते संजीवनीच असले पाहिजे, अशी हवा विसाव्या शतकाच्या आरंभी पसरली. रेडियमयुक्त पाणी शक्तिवर्धक म्हणून विकले गेले. पहिल्या महायुद्धात अंधारात दिसणाऱ्या घड्याळांची मागणी वाढली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरण्याचे काम चालू झाले. काम करणाऱ्या बहुतेक कोवळ्या वयाच्या मुली होत्या. आकडे बारीक यावेत म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करावयाचे, रंगात बुडवावयाचे आणि रेघ ओढावयाची, असे त्यांना शिकविले गेले होते. दिवसातून शेकडो वेळा थोडा थोडा रंग पोटात जाई. त्याच कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञ मात्र रेडियम हाताळताना शिशाचे आडोसे आणि लांब चिमटे वापरीत. मापनाचे ज्ञान एका खोलीत होते आणि पदार्थ दुसऱ्या खोलीत.

रेडियमची रासायनिक प्रकृती कॅल्शियमसारखी आहे. देह फसतो आणि त्याला हाडांत नेऊन बसवितो. अल्फा कण कागदानेही अडतो, म्हणून बाहेरून तो निरुपद्रवी. परंतु हाडात बसलेल्या रेडियमचा अल्फा कण आपली सारी ऊर्जा शेजारच्या पेशींतच ओततो, आणि १,६०० वर्षांच्या अर्धायुष्यापुढे मानवी आयुष्य ते किती! मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे सडू लागली, रक्त पांढरे पडू लागले. आरंभी दंतवैद्यांनी आणि डॉक्टरांनी निरनिराळी निदाने केली. कंपनीने रंगाला दोष देण्याचे नाकारले. १९२५ मध्ये त्या परगण्याचे वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलंड यांनी रोग्यांच्या उच्छ्वासाचे आणि मृतांच्या हाडांचे मापन केले, तेव्हा प्रकरण उजेडात आले. ज्या विद्युन्मापकाने रेडियम शोधले, त्याच जातीच्या उपकरणाने रेडियमचा गुन्हा शाबीत केला. पाच आजारी स्त्रियांनी कोर्टाची पायरी चढली आणि १९२८ मध्ये तडजोड होऊन त्यांना नुकसानभरपाई मिळाली. आयुष्य मात्र परत मिळणारे नव्हते. या स्त्रियांच्या देहांवर घेतलेल्या मापांवरूनच १९४१ मध्ये माणसाच्या शरीरात रेडियम जास्तीत जास्त किती चालेल याची मर्यादा ठरली: एक ग्रॅमच्या कोटीव्या भागाएवढी. पुढे अणुयुगात किरणोत्सारी पदार्थ हाताळणाऱ्या हजारो कामगारांचे रक्षण ज्या नियमांनी केले, त्यांच्या पायात या मुलींची हाडे आहेत.

खुद्द शोधकांनाही सूट मिळाली नाही. बेकरेल यांच्या खिशातील रेडियमच्या नळीने त्यांची त्वचा भाजली. मेरी क्यूरी ४ जुलै १९३४ रोजी रक्त निर्माण होण्याची क्रियाच खुंटविणाऱ्या पंडुरोगाने वारल्या. त्यांच्या टिपणवह्या पॅरिसमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतून अजूनही किरण निघतात. ज्या हातांनी जगाला हे मापन शिकविले, त्या हातांवर किती किरण पडत होते हे मात्र त्यांच्या हयातीत पुरेसे मोजलेच गेले नाही.

भारताचा या विषयाशी संबंध फार जुना आहे, आणि तो रदरफर्ड यांच्या थोरियमपासूनच सुरू होतो. खेड्यापाड्यांत लग्नकार्याला आणि कीर्तनाला जी गॅसबत्ती लावीत, तिच्या जाळीत थोरियमचा अंश असे. जगभर अशा जाळ्यांना खप आला, तेव्हा त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या काळसर वाळूला विसाव्या शतकाच्या आरंभी एकाएकी मोल आले. केरळच्या कोल्लम जिल्ह्यातील करुनागप्पल्ली भागात ही वाळू घराअंगणात पसरलेली आहे, आणि तेथील काही ठिकाणी नैसर्गिक किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीच्या कित्येक पट आहे. जगाची ही सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरली जाते. पिढ्यानपिढ्या तेथे राहणाऱ्या कोळ्यांचे काय होत असेल, हा प्रश्न भीतीने सोडविता आला नसता. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने घरोघर मापे घेऊन सुमारे सत्तर हजार लोकांची सरासरी दहा वर्षे पाहणी केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कर्करोगाचे वाढीव प्रमाण आढळले नाही. यावरून कोणतीही मात्रा निर्धोक असते असे ठरत नाही. परंतु किरणोत्सर्ग या शब्दाने घाबरून जाण्यापूर्वी ‘किती’ हे विचारावे लागते, एवढे निश्चित ठरते. प्रौढ माणसाच्या शरीरातील पोटॅशियममधूनही दर सेकंदास सुमारे चार हजार अणू फुटत असतात.

याच्या उलट उदाहरणही याच देशात घडले. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी या भंगारबाजारात काही कामगार एकाएकी आजारी पडले. कोणाची कातडी काळवंडली, कोणाचे केस गळाले. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षे पडून राहिलेले एक यंत्र लिलावात विकले होते, आणि त्याच्या शिशाच्या कवचात कोबाल्ट-६० होते. शिशाला भाव येतो म्हणून ते कवच फोडले गेले. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे. हे यंत्र चाळीसएक वर्षांपूर्वीचे. म्हणजे सात-आठ वेळा निम्मे होऊन मूळ शक्तीचा एक टक्काही उरलेला नव्हता. तरीही तेवढ्याने एका माणसाचा प्राण घेतला आणि अनेकांना इस्पितळात नेले. अर्धायुष्याचे साधे गणित ज्या इमारतीत शिकविले जात असेल, तेथूनच ते यंत्र न मोजता बाहेर पडले. आणि ज्याच्या हातात पडले त्याला ते गणित कोणी सांगितलेले नव्हते. ऑरेंजच्या कारखान्यातील दोन खोल्यांमधले अंतर ब्याऐंशी वर्षांनंतर दिल्लीतही तेवढेच राहिलेले होते.

आज किरणोत्सर्गाचे उपयोग घरोघर पोचले आहेत. कर्करोगाच्या गाठी त्याने जाळल्या जातात, शस्त्रक्रियेची साधने निर्जंतुक होतात, धातूच्या जोडांतील भेगा शोधल्या जातात, वीजनिर्मिती होते. अणुभट्ट्यांतून निघणाऱ्या अवशेषांतील प्लुटोनियमचे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षे आहे. आणि कोणत्याही आगीने किंवा आम्लाने ते कमी होत नाही, हे रदरफर्ड-सॉडींच्या काळापासून ठाऊक आहे. म्हणजे आजची पिढी ज्या वस्तू मागे ठेवील, त्या अशा लोकांच्या हाती जातील की ज्यांची भाषाही आज सांगता येणार नाही. त्यांच्यासाठी काय लिहून ठेवावे, हा प्रश्न पुढचा. आधीचा प्रश्न अधिक जवळचा आहे. इस्पितळातील जुने यंत्र उचलणारा हमाल, भंगाराच्या दुकानात घण मारणारा मजूर, खाणीत उतरणारा कामगार यांना त्यांच्याच भाषेत सांगणारे कोणी आहे काय की, समोरची थंड, निर्जीव, मुकी वस्तू अखंड बोलत असते, आणि ते बोलणे फक्त मापकालाच ऐकू येते? तो मापक प्रयोगशाळेच्या कपाटातून निघून त्या माणसाच्या हाती जाईल, तेव्हाच पॅरिसच्या त्या खणात लागलेला शोध खऱ्या अर्थाने सर्वांचा होईल.